शाल नको, मॉनिटर द्या

पहाटे 5.15

पेल्यात तीन बोटं कोमट पाणी, त्यात उसाच्या रसवाल्याकडे मिळते तसली जाड नळी, आणि त्या नळीतून 'ऊ' म्हणत सोडलेला श्वास. पाणी बुडबुडतं, गळा जागा होतो. खालच्या स्वरापासून वर सरकायचं, पुन्हा खाली यायचं. नातवाचं म्हणणं, आजी पाण्यात गाते.

आवाजावर उपचार करणाऱ्या बाईंनी हा व्यायाम शिकवला तेव्हा मलाही हसू आलं होतं. गाणाऱ्या बाईने सकाळी षड्ज लावायचा की पेल्यात फुंकायचं? पण कारण साधं आहे. तोंडाशी थोडा अडथळा असला की हवेचा दाब मागे वळतो, आणि स्वरतंतू एकमेकांवर आपटण्याऐवजी हलकेच टेकतात. माझ्या स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. मैदानात, चौकात, कारखान्याच्या फाटकावर ध्वनिक्षेपकाशिवाय गायल्याचं ते फळ. शिक्षकांना होतात, फेरीवाल्यांना होतात, आमच्यासारख्यांना तर होतातच. डॉक्टरांनी गाणं बंद ठेवायला सांगितलं. पुढे यजमानांचं आजारपण, मग टाळेबंदी. गाणं बंद झालं ते बारा-तेरा वर्षं बंदच राहिलं.

आता अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा सुरू केलंय. आज संध्याकाळी साडेसहाला शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर कार्यक्रम आहे. श्रावणातला शनिवार, बाहेर रिपरिप.

सकाळी 6

गिटार पेटीतून काढते. कोलकात्याची गिवसन आहे, कॅम्पातल्या एका गोवेकर कुटुंबाकडून जुनी विकत घेतलेली. मी ती घेतली त्या काळात पुण्यात कॉलेजच्या पोरांकडे दिसे ती हीच, नाहीतर होबनर. तारा फळीपासून इतक्या उंच की दाबताना बोटं सोलून निघायची. पुढे एका कारागिराने घोडी घासून तारा खाली आणून दिल्या. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, पोट किंचित फुगतं आणि तारा पुन्हा वर जातात. श्रावणात माझी गिटार आणि माझा अंगठा एकदमच कुरकुरतात.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे बंद काळात विरघळून गेले होते, ते पुन्हा यायला एक अख्खा उन्हाळा गेला. जाड तारा सोडून बारीक बसवल्या. आवाज थोडा पातळ झाला, पण बोटं तक्रार करत नाहीत. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा दाबायच्या, हे आता होत नाही. म्हणून तारांची जुळणीच बदलली. सहावी तार उतरवून मंद्र पंचम, पाचवी उतरवून षड्ज, पहिली उतरवून पुन्हा पंचम. मग काही न दाबता नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी षड्ज-पंचमाचा भरणा मिळतो, तुणतुण्यासारखा, फक्त रुंद. दुसरी तार शुद्ध गंधाराची. कोमल गंधाराच्या चालीत ती मधे कडमडते, तेव्हा तिला हात लावायचा नाही, बस.

आणि कॅपो. गिटारच्या मानेवर चिमट्यासारखा बसतो तो. पूर्वी मी काळी पाचमध्ये गायची, तेव्हा तो तिसऱ्या पट्टीवर असे. परत आले तेव्हाही तिथेच लावला, आणि चार महिने स्वतःशी भांडले. वरचा षड्ज लागे, पण लागताना मान ताठ होई आणि दुसऱ्या दिवशी बोलता येत नसे. आवाजवाल्या बाईंनी मग सांगितलं की वयाबरोबर पुरुषांचा आवाज थोडा चढतो आणि बायकांचा उतरतो. रजोनिवृत्तीनंतर स्वरतंतू जड होतात, म्हणून. म्हणजे मी ज्याला आजार समजत होते ते माझं वय होतं. एके सकाळी कॅपो काढला आणि पांढरी पाचमध्ये गायले. तीन पट्ट्या खाली. त्या दिवसापासून मी खऱ्या अर्थाने परत आले असं मी धरते. त्याआधी मी माझ्या जुन्या कॅसेटची नक्कल करत होते.

रियाज चाळीस मिनिटं, जास्त नाही. सहा ते सातमध्ये शेजाऱ्यांची हरकत नसते. कोथरूडच्या सोसायटीत पहाटे संबळ वाजवला तर सभा बोलावतील, गिटार मात्र त्यांना 'सूदिंग' वाटते.

आज रियाजात एकच गोष्ट धरली आहे. जात्यावरची ओवी गिटारवर बसता बसत नाही. माझी आजी मुळशीकडची, टाटांच्या धरणात ज्या खोऱ्यातली गावं गेली तिकडची. तिच्या ओव्या मी लहानपणी तिच्या मांडीशी बसून ऐकल्या. ओवी दोन ओळींची, यमकावर टेकलेली, पण तिची लय मात्रांत मोजायची नसते. जातं किती जड, दाणा कोणता, बाईचा श्वास किती, यावर ती लांबते-आखडते. तरुणपणी मी तिच्याखाली चार मात्रांचं ठोकळ स्ट्रमिंग टाकलं होतं. लोकांना आवडलं. आज ऐकलं की लाज वाटते, ओवीला सहलीला नेल्यासारखं वाटतं. आता फक्त अंगठा चालवते: सहावी तार, पाचवी, चौथी, पुन्हा सहावी, गोल. श्वास संपेल तिथे ओळ संपेल आणि अंगठा तिची वाट पाहील. हे ऐकायला सोपं आहे. करायला अजून जमत नाही, कारण इतक्या वर्षांच्या सवयीने हात चौथ्या मात्रेवर आपोआप आपटतो.

गिटार कशी आली, हेही सांगून टाकते, कारण संध्याकाळी कुणी ना कुणी विचारणारच. मी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वाढले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ज्या मुशीतून निघाले ती मूस. तिथे डफ, ढोलकी, पेटी, झांज. मग 1978 मध्ये थिएटर अॅकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' केलं. ब्रेख्टचं नाटक, पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेलं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्यात नंदू भेंडे रॉक गात होते आणि त्याच रंगमंचावर तमाशाचा बाज उभा होता. मी एकवीस वर्षांची. घरी चालत आले आणि ठरवून टाकलं की ढोलकीच्या शेजारी गिटार बसू शकते. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नारी समता मंच उभा राहिला, हुंडाबळींविरुद्ध सभा, प्रदर्शनं सुरू झाली, तिथे मी याच गिटारवर गायले. एकटी बाई, एक वाद्य, पेटीवाला शोधायला नको, रिक्षात मावतं. गिटार निवडण्यामागे तत्त्वज्ञान फारसं नव्हतं, सोय होती.

सकाळी 8

पोहे, गोळ्या, नातवाची शाळेची रिक्षा. पावसात छत्री धरून उभं राहिलं की गार वारा गळ्याला लागतो म्हणून मफलर. पुण्यात ऑगस्टमध्ये मफलर बांधणारी बाई आजारी किंवा गायिका, दोन्हीपैकी एक.

सकाळी 9.30

फोन. हा दिवसाचा सर्वांत दमवणारा तास.

पहिला एका मंडळाचा. "ताई, ज्येष्ठ लोककलावंत म्हणून तुमचा सत्कार करायचाय." मी विचारते, गायचं आहे का? "नाही नाही, तुम्हाला त्रास नको. फक्त स्टेजवर बसायचं." हे 'फक्त बसायचं' मी बारा वर्षं केलंय. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सन्मानचिन्ह. नारळाची चटणी होते, पुष्पगुच्छ कामवाल्या बाई नेतात. शालींचा मात्र ढीग झालाय. दोन शाली गिटारच्या पेटीत भरल्यात, हिसका बसला तर वाद्य सांभाळतात. सन्मानचिन्हांचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

सत्कार वाईट नसतो. पण गाणाऱ्याला न गायला लावता त्याचा सत्कार करणं म्हणजे तो संपला असं चारचौघांत जाहीर करणं. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली ती 2012 मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. बैठकीची लावणी ही मुळात बसून करायची अदाकारी. बाई बसल्या जागी नुसत्या डोळ्यांनी आणि हाताने लावणी उलगडायच्या. वय झाल्यावर कलाकाराला काय करता येतं ते बघायचं असेल तर तिथे बघावं. विठ्ठल उमप 2010 मध्ये नागपूरला मंचावरच कोसळले आणि गेले. लोक म्हणतात, काय भाग्य! असेल. मला कार्यक्रम संपवून घरी येऊन वरणभात खायचा आहे.

दुसरा फोन सरकारी मानधनाबद्दल. माझ्याबरोबर पूर्वी तुणतुणं धरणारे एक गृहस्थ आहेत, आता थकलेत. राज्य सरकारची वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची जुनी योजना आहे, तिची रक्कम 2024 पासून सरसकट महिन्याला 5,000 रुपये झाली. त्याआधी वर्गवारीप्रमाणे याहून कमी मिळायचे. पण अर्जाला कला सादर केल्याचे पुरावे लागतात. खेड्यापाड्यात जागरणात रात्रभर उभ्या राहिलेल्या माणसाकडे निमंत्रणपत्रिका कुठून असणार? हळदीच्या बोटांनी सुपारी दिलेली, ती काय फाइलला लावायची? माझ्याकडच्या जुन्या फोटोंत ते दिसतात, ते फोटो सोमवारी छापून देते म्हणाले.

तिसरा संयोजकाचा, आजच्या. शंभरच्या पुढे तिकिटं गेलीत. मी एकच विचारलं: मंचावर मॉनिटर स्पीकर आहेत ना? "आहेत ताई, दोन." जीव भांड्यात पडला.

सकाळी 11

दिमडीवाला आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मला आजी म्हणतो आणि माझ्या चुका बिनदिक्कत सांगतो. हे दुसरं मला त्याच्या वाजवण्याइतकंच आवडतं. माझ्या वयाचे साथीदार एकतर गेले किंवा माझ्याशी फार आदराने वागतात, आणि आदराने वागणारा साथीदार लय सुटली तरी बोलत नाही.

दिमडीला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 मध्ये आला आणि ते बंद झालं, आणि बरंच झालं. आता बकरीचं किंवा फायबरचं. त्याच्याकडे दोन्ही आहेत. फायबर पावसाला बधत नाही, पण त्याच्या नादाला पोट नसतं. कातड्याची दिमडी आज अशी सैल पडली होती की थाप मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखी. हलगीवाले शेकोटीवर तापवतात. सोसायटीच्या पाचव्या मजल्यावर शेकोटी कोण करू देणार? सुनेचा केस वाळवायचा ड्रायर आहे. पाच मिनिटं गरम हवा दिली आणि दिमडी टणक बोलू लागली. ड्रायर पेटीत टाकून संध्याकाळी न्यायचा, हे यादीत वर लिहिलंय.

भारुड घोटलं. नाथांच्या भारुडात गिटारला काम वेगळं: डाव्या हाताने तारा नुसत्या झाकायच्या, दाबायच्या नाहीत, आणि उजव्या हाताने धुमाळीच्या अंगाने त्यांवर चापट्या मारायच्या. सूर नाही, नुसता ठेका. दिमडी आणि मी सवाल-जवाब करतो. दुसऱ्यांदा म्हणताना तो थांबला. "आजी, तुम्ही पळताय." खरंच पळत होते. भीती वाटली की लय चढते. तिसऱ्यांदा बरं झालं.

मग चालींच्या क्रमाची वाटाघाटी. पूर्वी मी सर्वांत चढं गाणं शेवटी ठेवायची. आता ते चौथं आहे. तोवर गळा तापलेला असतो आणि दमलेला नसतो. शेवटी ओव्या. टाळ्यांचं गणित यात बिघडतं हे मला माहीत आहे.

दुपारी 1

मुगाचं वरण, भात, तूप, कमी तिखट. श्रावण म्हणून घरात कांदा-लसूण नाहीच. ताक नाही. मग पाऊण तास डोळे मिटून पडायचं आणि कुणाशी बोलायचं नाही. हा नियम घरात सर्वांना पाठ आहे, फक्त बँकेच्या कर्जवाल्यांना नाही.

पडल्या पडल्या लॉर्नाचा विचार आला. गोव्याची लॉर्ना कॉर्देरो. ख्रिस पेरींच्या बँडबरोबर गायची, मग गप्प झाली ती जवळपास चोवीस वर्षं. 1995 मध्ये पुन्हा उभी राहिली तेव्हा लोक तिचीच गाणी तिला गाऊन दाखवत होते म्हणतात. चोवीस वर्षांनंतर ऐकणारे आपापल्या घरून गाणं आणतात, हे खरं. आणि ते जुन्या पट्टीत आणतात, हीच तर अडचण.

दुपारी 3

आनंदनगरला मेट्रो पकडली. मेट्रो येईपर्यंत हा प्रवास म्हणजे कर्वे रस्त्यावर रिक्षात गिटार उभी धरून चाळीस मिनिटं. आता छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनपर्यंत बसून जाता येतं, तिथून पुढे रिक्षा. सामान तपासायच्या यंत्रापाशी पोरगी विचारते, "आत काय?" गिटार. ती माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहते, पेटीकडे पाहते. "तुमची?" हो. "वाजवता?" हो. "भारी!" एवढं निर्मळ कौतुक मला कुठल्या व्यासपीठावर मिळालेलं नाही.

डब्यात गर्दी नव्हती. खाली मुठा नदीला गढूळ पाणी, नदीपात्रातला रस्ता बंद केलेला.

दुपारी 4

शनिवार पेठ. रंगमंच लहान आहे, शेवटच्या रांगेतला चेहरा दिसतो. प्रायोगिक नाटकवाल्यांची ही जागा, त्यांच्या पोरांनी आधीच केबल टाकून ठेवल्या होत्या.

साउंड चेक हा माझ्या दिवसाचा खरा गाभा आहे. श्रोत्यांना तो दिसत नाही, आणि दिसू नयेच. पण परत गायला लागल्यापासून मला कळलेली सर्वांत मोठी गोष्ट इथली आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

वय झालं की कानाचे वरचे स्वर आधी जातात. स, श, फ, तारांची चमक, झांजेची किणकिण हे पुसट होतं. मंचावर गाणाऱ्याचा आवाज स्पीकरमधून श्रोत्यांकडे जातो, त्याच्याकडे येत नाही. तरुणपणी डोक्याच्या हाडांतून जेवढं ऐकू येई तेवढ्यावर भागत असे. आता स्वतःला ऐकू आलं नाही की मी नकळत जोर लावते. जोर लावला की गळा आवळतो, स्वर चढा लागतो, लय पळते, आणि तिसऱ्या गाण्याला आवाज बसतो. लोक म्हणतात, वय झालं हो बिचारीचं. वय झालेलं असतंच, पण त्या दिवशी आवाज वयाने बसलेला नसतो, पायाशी मॉनिटर स्पीकर नसल्याने बसलेला असतो. परत आल्यानंतरचा माझा पहिला कार्यक्रम असाच गेला. कुठे झाला ते सांगत नाही. तिथे मॉनिटर नव्हता, हार मात्र माझ्या उंचीचा होता.

आजचा साउंडवाला मुलगा शांत होता. "ताई, आधी नुसतं बोला." मी मुळशीच्या एसटीचं वेळापत्रक म्हणून दाखवलं. मग गिटार. लाकडी गिटारचं पोट हाच एक ढोल, त्यामुळे खालच्या स्वरांना ती स्पीकरशी संगनमत करून घों करायला लागते. त्याच्यावर उपाय स्वस्त आहे: पोटाच्या गोल भोकावर रबरी झाकण बसवायचं. मी बसवलं, त्याने खालचे स्वर थोडे कापले, घोंगावणं गेलं. "मॉनिटरमध्ये काय पाहिजे?" माझा आवाज भरपूर, गिटार थोडी, दिमडी नको, ती तशीही ऐकू येते. "आणि वरचे स्वर जरा जास्त दे बाळा, माझे कान जुने आहेत." हे वाक्य म्हणायला मला वर्ष लागलं. आधी लाज वाटायची.

खुर्ची मागितली. हात नसलेली, गिटारला अडत नाही अशी. उभं राहून गायचा हट्ट सोडला. शाहिराने उभं राहावं हा नियम चौकातला, तिथे मागच्यांना दिसायला हवं म्हणून. इथे सर्वांना दिसतंय.

संध्याकाळी 5.15

मावशी आल्या. मुळशी तालुक्यातल्या आहेत, माझ्याहून मोठ्या, दोन शेवटच्या ओव्यांना त्या गाणार. त्यांना आणायला गाडी पाठवायची हे कार्यक्रमाच्या खर्चात पहिलं लिहिलं होतं. पुण्याच्या सहकारी सामाजिक संशोधन केंद्रात गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गावोगावच्या बायकांकडून जमवल्या. त्यातल्या काही आता ग्रामीण भारताच्या 'पारी' या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मला त्यातलं सर्वांत थोर वाटतं ते हे की ओवीसोबत बाईचं नाव आहे, गाव आहे. आम्ही शहरातले गाणारे वर्षानुवर्षं 'पारंपरिक' एवढं एक सांगून मोकळे झालो. पारंपरिक म्हणजे जणू आभाळातून पडलं! मी आता प्रत्येक ओवीआधी ती कुणाकडून आली ते सांगते. आजीचंही.

मावशींनी आल्या आल्या माईककडे संशयाने पाहिलं. "ह्यात तोंड घालायचं काय गं?" नाही मावशी, वीतभर लांब. चहा प्यायल्या, दोन प्यायल्या, आणि त्यांचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत लागला. पेला, नळी, बुडबुडे काही नाही. काही लोकांवर देवाची मर्जी असते, त्याचा फार विचार करू नये.

ड्रायर लावून दिमडी तापवली.

संध्याकाळी 6.35

पाच मिनिटं उशीर. पुण्यात तेवढ्यासाठीही कुणीतरी घड्याळ दाखवतं. दाखवलं.

पहिली दोन गाणी अंगठा थरथरत होता. तिसऱ्यापासून हात हातात आला. चौथं ते चढं गाणं, ऐंशीच्या दशकात सभांतून सर्वांच्या तोंडी असलेलं. अपेक्षेप्रमाणे श्रोत्यांतल्या माझ्या वयाच्या चार बायकांनी जुन्या पट्टीत सुरुवात केली. मी तीन पट्ट्या खाली. क्षणभर दोन गाणी एकमेकांवर आपटली. पूर्वी असती तर मी त्यांच्यामागे वर गेले असते. आज थांबले, षड्ज छेडला आणि म्हटलं, "बायांनो, माझ्याबरोबर खाली या, इथे जागा आहे." हसल्या, आल्या. वरची ओळ आली तेव्हा मी ती गायलेच नाही, दिमडीवाल्या पोराने घेतली. त्याला ती वरच्या षड्जाची ओळ अशी सहज लागली की मला थोडा हेवाही वाटला.

भारुडात पळाले नाही. पोराने मान हलवून पावती दिली.

ओव्यांना मी फक्त अंगठा चालवला. मावशींनी ओळ अशी लांबवली की मी दोन वेळा चौथ्या मात्रेवर आपटणार होते, हात आवरला. एका ठिकाणी त्यांनी श्वास मधेच घेतला, ठरलं होतं त्याच्या अलीकडे, आणि पुढची ओळ दुसरीच गायल्या, रियाजात कधी न गायलेली. माझा अंगठा तिथल्या तिथे गोल फिरत राहिला. त्या दोन मिनिटांत सकाळपासून जे जमत नव्हतं ते जमलं, आणि ते माझ्यामुळे नव्हे, त्यांच्यामुळे.

रात्री 8.30

उघड्यावर ध्वनिक्षेपकाला दहाची मर्यादा, आमचं तर त्याआधीच संपलं होतं. जागरण-गोंधळ रात्रभर चालायचे, देवाला उठवून पहाटे आरती. दोन तासांत त्याचा नमुनाच दाखवता येतो, आणि तसं मी मंचावरून सांगतेही.

मंचाखाली एक गृहस्थ आले. "छान झालं. पण लोकसंगीतात गिटार कशाला?" मी विचारलं, पेटी चालते का? "पेटी आपलीच आहे." पेटी युरोपातून आली, कीर्तनात बसली, नाटकात बसली, आकाशवाणीने तिला कित्येक वर्षं बंदी घातली होती तरी टिकली, आणि आता तुम्हाला आपली वाटते. गिटारला अजून शंभरेक वर्षं द्या. त्यांना पटलं नाही. न पटण्याचा पुणेकरांचा हक्क मी मानते.

रात्री 8.50

हिशोब. मावशींचं मानधन पाकिटात, तिथल्या तिथे, सर्वांसमोर नाही. दिमडीवाल्याचं फोनवरून. साउंडवाल्याचं संयोजक देणार होते, ते दिल्याची मी खात्री केली. मग उरलेलं माझं. हा क्रम मी पहिल्या दिवसापासून पाळते. उलटा क्रम पाळणारे गटप्रमुख मी पुष्कळ पाहिले आणि त्यांचे गट फुटलेलेही पाहिले. मावशींची गाडी ताम्हिणीच्या दिशेने निघाली. पोचल्यावर लेकाचा फोन येणार.

रात्री 10

घरी. वरणभात. वाफ. तारा पुसून सैल केल्या, कारण ओलीत ताणून ठेवल्या तर मान वाकते. आवाज शाबूत आहे, उद्या रविवारी दिवसभर कमी बोलायचं.

झोपण्याआधी सकाळच्या त्या मंडळाला निरोप लिहिला. तो इथेही देते, कारण गणपती तोंडावर आहेत, मग नवरात्र, मग दिवाळी पहाट, आणि यादीत आमच्यासारख्यांची नावं चढणारच आहेत. सत्काराला येणार नाही, गायला येईन. अर्धाच तास द्या, पण गाण्यासाठी द्या. पट्टी कोणती ते आधी विचारा. बिनहाताची खुर्ची ठेवा. साथीदारांचं मानधन त्याच संध्याकाळी द्या, माझ्या आधी द्या. शाल, श्रीफळ, माझ्या उंचीचा हार यांचे जेवढे पैसे होतात, तेवढ्यात एका संध्याकाळपुरते दोन मॉनिटर भाड्याने मिळतात. ते आणा.